बाहेरच्या प्रकल्पात तुमचा कोड दिसला तर

तुमच्या ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पातला कोड घेऊन कुणी नवं काही उभं केल्याची खबर आली, तर आधी आनंद माना. तो खुला ठेवला तो त्यासाठीच. मग त्यांची लायसन्स फाइल, म्हणजे कोड वापरायच्या अटींची फाइल, उघडा. तुमचं लायसन्स एमआयटी (कमीत कमी अटींचं एक लायसन्स) असेल, तर कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की झालं. कोड विकायचीही मुभा आहे, त्यावर तक्रार नको. जीपीएल हे दुसरं लायसन्स असेल, तर बदललेला प्रोग्राम दुसऱ्यांना देताना त्याचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो.

खरंच काही चुकलेलं दिसलं, तरी जाहीर आरोप करू नका. आधी खासगी ईमेल पाठवा. कोणती फाइल, लायसन्समधली कोणती अट, आणि काय केलं की प्रश्न मिटेल, एवढं स्पष्ट लिहा. कॉपीराइटची सूचना गळते ती बहुधा घाईत, हे गृहीत धरा. जीपीएलच्या २००७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार, त्या कॉपीराइटधारकाची अशी नोटीस पहिल्यांदाच आलेल्याने ३० दिवसांत दुरुस्ती केली, तर कोड वापरायचे त्याचे हक्क कायमचे परत मिळतात. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. ईमेलआधी तो भाग मुळात कुणी लिहिला हे गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात पाहा, कारण कॉपीराइट प्रकल्पाची देखभाल करणाऱ्याचा असेलच असं नाही.

आणि तुम्ही दुसऱ्याचा कोड घेताना लायसन्सच सापडलं नाही, तर परवानगी नाही असंच समजा आणि लेखकाला विचारा.