आवाज तारेतून, आज्ञा ब्लूटूथवरून: दोन वाटांचा स्प्लिटर आणि इक्वलायझर

इंदूरच्या आमच्या वसाहतीतील गणेशोत्सवात गायन आतल्या सभागृहात होते आणि आत जागा न मिळालेले श्रोते बाहेर मांडवात बसतात. दोन्हीकडे आवाज एकाच मिक्सरमधून जातो. परंतु सभागृहात ३०० हर्ट्झच्या आसपास घुमणारा तोच आवाज मांडवात पातळ लागतो, आणि मिक्सरपाशी बसलेल्याला ते ऐकूच येत नाही. म्हणून आवाजाच्या दोन वाटा करून प्रत्येकीचा इक्वलायझर (जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणारी सोय) मोबाइलवरून बदलता येईल, असे यंत्र करावे.

आवाज तारेतूनच न्यावा आणि बिनतारी फक्त आज्ञा पाठवाव्यात. ब्लूटूथवरून आवाज साधारणपणे शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, त्यामुळे तबल्यावर पडलेली थाप डोळ्यांना आधी दिसते आणि कानांना मागाहून कळते. मोबाइलवरील स्लायडरला तेवढाच उशीर झाला तर काही बिघडत नाही.

एडीएयू१७०१ या डीएसपीला (आवाजावर अंकांनी प्रक्रिया करणाऱ्या चिपला) दोन इनपुट आणि चार आउटपुट असल्यामुळे दोन स्टिरिओ वाटा त्यातच होतात. त्याचे तयार बोर्ड मागवावे. तारा, सॉकेट आणि डबा इंदूरच्या महाराणी रोडवर मिळतो. आज्ञा घेण्यासाठी ईएसपी३२ हे ब्लूटूथ असलेले छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरते. त्याच्या २१ आणि २२ क्रमांकाच्या पिना अनुक्रमे डीएसपीच्या एसडीए (माहितीची तार) आणि एससीएलला (ताल देणारी तार) जोडाव्यात, दोन्ही बोर्डांचे ग्राउंड एक करावे, आणि बोर्डावर आधीपासून नसतील तर दोन्ही तारांवर ४.७ किलोओहमचे रोध ३.३ व्होल्टला लावावेत.

सिग्मास्टुडिओ या डीएसपीचा प्रोग्रॅम मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाटेला १००, ३००, १०००, ३५०० आणि १०००० हर्ट्झचे पाच फिल्टर मांडून तो प्रोग्रॅम बोर्डावरील ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) उतरवावा. वीज सुरू होताच डीएसपी स्वतः त्याच दोन तारांवरून ईईप्रॉम वाचतो, म्हणून ईएसपी३२ने पहिले दोन सेकंद गप्प राहिले पाहिजे.

खरी काळजी घ्यायची ती गुणांकांची, म्हणजे प्रत्येक फिल्टर कसा वागेल हे ठरवणाऱ्या आकड्यांची. अॅपने फक्त वाट, फिल्टर आणि डेसिबल पाठवावे, आणि ईएसपी३२ने रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांच्या सूत्रांनी पाच गुणांक काढून त्यांना ८३८८६०८ने गुणावे, कारण डीएसपी ५.२३ या पद्धतीचे, म्हणजे अपूर्णांकाला २३ बिट असलेले, अंक वाचतो. येथे पाचांपैकी ए१ आणि ए२ या दोन गुणांकांची अधिक-उणे चिन्हे उलटी करावी लागतात. ती तशीच राहिली तर फिल्टर अस्थिर होऊन स्पीकरमधून कर्कश आवाज निघतो, म्हणून पहिली चाचणी आवाज अगदी कमी ठेवूनच घ्यावी. पाचही गुणांक एकाच क्षणी बदलावेत यासाठी डीएसपीमध्ये पाच सेफलोड रजिस्टरे (नवे आकडे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या जागा) दिलेली आहेत. ती वगळून एकेक गुणांक लिहिला तर स्लायडर सरकताना टकटक ऐकू येते.

अॅप इन्व्हेंटर या ठोकळे जुळवून अॅप करण्याच्या साधनात ब्लूटूथ एलईचे (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचे) एक्स्टेंशन घेऊन दहा स्लायडर मांडले की अॅप तयार होते. जोडणीला पासकी (गुप्त क्रमांक) ठेवावी, म्हणजे गर्दीतल्या दुसऱ्याच्या मोबाइलवरून आवाज बदलणार नाही. स्लायडर थांबल्यावर पाच सेकंदांनीच मूल्ये ईएसपी३२च्या फ्लॅशमध्ये साठवावीत. प्रत्येक हालचालीला लिहिल्यास फ्लॅश झिजते.

जुळवणी मांडवाच्या शेवटच्या रांगेत उभे राहून करावी. शब्द अस्पष्ट वाटले तर आधी ३०० हर्ट्झ तीन डेसिबलने कमी करावे. झांजा टोचत असतील तर ३५००चा स्लायडर खाली आणावा. एखादा स्लायडर वर न्यावाच लागला, तर तितकेच डेसिबल इनपुटमध्ये कमी करावेत, नाहीतर आउटपुटला आवाज फाटतो. दोन्ही अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या प्लगवर असून गुणगुण येत असेल, तर मांडवाच्या तारेत १:१चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा. विजेच्या प्लगची अर्थिंग मात्र कधीही काढू नये.