नोकरी सांभाळून क्वालिटीत एम.टेक. करताय? या चुका टाळा

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. नोकरी सांभाळून एम.टेक. केलं: शनिवार-रविवारी वर्ग, शेवटच्या सत्रात प्रबंध. त्या प्रबंधासाठी घेतलेली चार महिन्यांची मापं एका संध्याकाळी निरुपयोगी ठरली. चाकण, भोसरी, वाळूजमधले मित्र असा अभ्यासक्रम घेण्याआधी मला फोन करतात, तेव्हा फी आणि पुस्तकांच्या आधी मी हीच गोष्ट सांगतो.

गेज न तपासता मापं घेणं

माझा विषय एका बोअरच्या (भागातल्या गोल भोकाच्या) मापातला फरक कमी करण्याचा होता. ड्रॉइंगवर २५ एच७, म्हणजे व्यास २५ मिमी आणि टॉलरन्स (चालणारा फरक) शून्य ते अधिक २१ मायक्रॉन; एक मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी. लाईनवर बोअर डायल गेज (भोकाचं माप घेणारं उपकरण) होतं, लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०१ मिमी. दर शिफ्टला पाच पीस मोजले, एक्सेल भरत गेलो. कंट्रोल चार्ट (प्रक्रिया स्थिर आहे का ते दाखवणारा आलेख) काढला तेव्हा सगळे बिंदू तीनच रेघांवर बसलेले: ०, १०, २०. रेंज (पाच पिसांतल्या सर्वांत मोठ्या आणि लहान मापातला फरक) चार्टवर तर शून्यांची रांग. मार्गदर्शक सरांनी एवढंच विचारलं, "एमएसए कुठे आहे?" एमएसए म्हणजे मापन पद्धत भरवशाची आहे का, याचा अभ्यास.

गेजवर कॅलिब्रेशनचं ताजं स्टिकर होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण गेज मास्टरशी (प्रमाण मापाशी) जुळतं का, एवढंच कॅलिब्रेशन सांगतं. ते या कामापुरतं बारीक आहे का, तीन ऑपरेटरांच्या हातात तोच आकडा देतं का, हे वेगळं तपासावं लागतं. लीस्ट काउंट टॉलरन्सच्या एक-दशांशापेक्षा मोठा नको, हा साधा नियम. २१ मायक्रॉनला २ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गेज हवं होतं आणि मी १० मायक्रॉनचं वापरत होतो.

म्हणून विषय ठरला की पहिल्याच आठवड्यात जीआर अँड आर करा, म्हणजे गेज आणि ऑपरेटरमुळे मापात किती फरक पडतो ते तपासा. १० पीस, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा, अशी ९० मापं. एका शिफ्टमध्ये होतात. पीस ओळीने आलेले दहा घेऊ नका, वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या सेटिंगचे घ्या, नाहीतर पिसांमधला फरकच दिसणार नाही. ऑपरेटरला पीस नंबर कळू देऊ नका. आधीचा आकडा आठवला की माणूस नकळत तोच वाचतो. निकाल, म्हणजे एकूण फरकात मापनामुळे आलेला वाटा, १० टक्क्यांच्या आत आला तर पुढे जा. १० ते ३० च्या मध्ये आला तर काम किती नाजूक आहे ते बघून ठरवा. ३० च्या वर गेला तर थांबा. एनडीसी (गेज पिसांचे किती वेगळे गट ओळखतं तो आकडा) किमान ५ हवा.

कंट्रोल चार्टवर ड्रॉइंगच्या रेघा मारणं

ही चूक दहा-बारा वर्षं अनुभव असलेलेही करतात, कारण शॉपवर तशीच सवय पडलेली असते. ड्रॉइंगची मर्यादा ग्राहकाला काय हवं ते सांगते. कंट्रोल लिमिट प्रक्रियेच्या स्वतःच्या मापांतून निघते: पाच-पाच पिसांच्या सबग्रुपना (गटांना) सरासरीपासून वर-खाली ०.५७७ गुणिले सरासरी रेंज. निदान पहिल्या २५ सबग्रुपसाठी हे कॅल्क्युलेटरवर करा. थेट मिनीटॅब सॉफ्टवेअरला हात घातलात तर तोंडी परीक्षेत "ही रेघ इथेच का?" या प्रश्नावर गाडी अडते.

आणखी एक. सबग्रुपमधले पाच पीस लागोपाठचे घ्या. दोन मशीनचे पीस एकत्र करून सबग्रुप केला, तर मशीनमशीनमधला फरक रेंजमध्ये लपतो, लिमिट फुगतात आणि चार्ट विनाकारण शहाणा दिसतो. चार्ट स्थिर नसताना १.३३ किंवा १.६७ सीपीके (प्रक्रिया ड्रॉइंगच्या मर्यादेत किती सहज बसते तो आकडा) मिरवण्यालाही काही अर्थ नाही.

एफएमईए (काय बिघडू शकतं याचं आधीच केलेलं विश्लेषण) विषयात असेल तर जुन्या पीपीएपी (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याच्या) फाईलमधून उचलू नका. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या) हँडबुकने आरपीएनच्या (धोक्याच्या गुणाकाराने येणाऱ्या आकड्याच्या) जागी अॅक्शन प्रायॉरिटी (कृतीचा अग्रक्रम) आणली आहे.

परवानगी तोंडी घेणं

"कर रे, काय अडचण आहे" हे प्लांट हेडचं वाक्य कागदावर आणा. कोणता डेटा वापरणार, ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर झाकणार, हे त्यात लिहा. कारखान्यातला मार्गदर्शक मध्येच नोकरी सोडतो, असंही खूपदा होतं. दुसरं नाव आधीच ठरवून ठेवा. परीक्षेच्या तारखा कळल्या की लगेच ऑडिटच्या कॅलेंडरशी ताडून बघा, रजा तेव्हाच मागा.

मान्यता शेवटी बघणं

दूरशिक्षणाने मिळवलेली अभियांत्रिकीची पदवी ही जोखीम आहे. काही अभिमत विद्यापीठांनी मान्यतेशिवाय दिलेल्या अशा पदव्या सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने अडचणीत आल्या, आणि भरडले गेले ते नोकरदार विद्यार्थी. त्यामुळे फी भरण्याआधी यूजीसी आणि एआयसीटीईच्या संकेतस्थळांवर संस्था आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम, दोन्ही स्वतः शोधा. एजंटच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. फार्मावाल्यांनी हेही लक्षात घ्यावं की क्वालिटी अॅश्युरन्समधलं एम.फार्म. हजेरीचं आहे, रात्रपाळी करून ते जमत नाही. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं क्वालिटी, रिलायबिलिटीमधलं एम.टेक. उत्तम आहे, पण पूर्णवेळ.

डेटा आधीच वाया गेला असेल तर

फाईल डिलीट करू नका. मी स्टँडर्ड रूममधून (कारखान्याच्या मापन खोलीतून) एअर गेज (हवेच्या दाबावर चालणारं बारीक गेज) मिळवलं, ९० मापांचा अभ्यास केला आणि मग सहा आठवडे नव्याने मापं घेतली. जुना तीन रेघांचा चार्ट आणि नवा चार्ट शेजारी ठेवले, तेव्हा टूल झिजताना बोअरचं माप हळूहळू कसं सरकत होतं ते पहिल्यांदा दिसलं. सरांनी त्या दोन चार्टवरून प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहायला लावलं. लाईनवर त्या बोअरसाठी आता एअर गेजच आहे.