पायी चालताना गाडीने उडवलं तर भरपाईसाठी आधी हे करा
गाडीची धडक बसली तरी लोक कपडे झटकतात आणि काही नाही झालं म्हणत घरी जातात, प्लीज असं करू नका. मुका मार किंवा डोक्याला बसलेला हादरा कधीकधी दुसऱ्या दिवशी जाणवतो आणि तोवर डॉक्टरला दाखवलं नसेल तर इन्शुरन्सवाले हमखास विचारतात की ही दुखापत त्याच अपघातातली कशावरून. त्याच दिवशी तपासून घ्या आणि गाडीने धडक दिली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, केसपेपरवर नुसतं 'पडल्यामुळे' लिहिलं गेलं तर पुढे फार त्रास होतो.

गाडीचा नंबर, साक्षीदारांचे फोन, पोलिसात नोंद हे तर हवंच. पण खरी घाई सीसीटीव्हीची, ते फुटेज बऱ्याचदा काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं, तुम्ही बेडवर असाल तर घरच्या कुणाला तरी ज्यांचा कॅमेरा आहे त्यांच्याकडे लगेच पाठवा आणि फुटेज जपून ठेवण्यासाठी लेखी अर्ज द्यायला सांगा. फाटलेले कपडे धुवू नका, तसेच पिशवीत ठेवा.

हॉस्पिटलच्या बिलासोबत बुडालेला पगार, येण्याजाण्याचं भाडं, फिजिओथेरपी सगळ्याचे कागद जपा. समोरचा थोडे पैसे पुढे करून 'फुल अँड फायनल'वर, म्हणजे यापुढे आणखी काही मागणार नाही अशा कागदावर, सही मागत असेल तर हाड नीट जुळतंय का हे कळेपर्यंत अजिबात करू नका, कारण नंतर ऑपरेशन निघालं तर तो खर्च सहसा मागता येत नाही. मात्र भरपाईच्या दाव्याला मुदत असते, ती शेवटची तारीख वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.