पाळी जाण्याआधीची वर्षं: काय लिहून ठेवायचं, काय अंगावर काढायचं नाही

सलग 12 महिने पाळी आली नाही की मग ती गेली असं म्हणतात. त्याआधीची चार-पाच वर्षं, काहींची आठसुद्धा, म्हणजे पेरिमेनोपॉज. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते, म्हणून चाळिशी लागताच त्रास सुरू झाला तर त्यात नवल नाही. चाळिशीच्या आतच पाळी बंद पडायला लागली, तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे आणि डॉक्टरांना लगेच दाखवायला हवं.

या काळात इस्ट्रोजेन हे हॉर्मोन सरळ उतरत नाही, हेलकावे खातं. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन पुरेसं बनत नाही. मग गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं, आणि पाळी उशिरा येते पण धो-धो येते. हेलकाव्यांमुळेच महागड्या ‘हॉर्मोन पॅकेज’चा फारसा उपयोग नाही: या महिन्यात आकडा वाढलेला, पुढच्या महिन्यात नॉर्मल. पंचेचाळिशीनंतर निदान लक्षणांवरूनच होतं. तेच पैसे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या टीएसएचवर खर्च करा, कारण थकवा, धडधड, केस गळणं ही लक्षणं रक्त कमी झाल्याची किंवा थायरॉइडचीही असू शकतात. पाळी लांबली तर आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, मग बाकीचं.

सगळ्यात कामाची वस्तू भिंतीवरच आहे. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल करा, रोज किती पॅड लागले तो आकडा लिहा, गाठी पडल्या तर ‘ग’, अंगातून वाफा आल्या तर ‘व’, झोप मोडली तर ‘झ’. तीन महिन्यांत चित्र दिसू लागतं. लागोपाठच्या पाळ्यांच्या अंतरात 7 दिवस किंवा जास्त फरक वारंवार पडतोय, तर बदल सुरू झाला. 60 दिवसांचा खाडा पडला, तर शेवटचा टप्पा आला. तो साधारण 1 ते 3 वर्षं चालतो. जानेवारीत जुनं कॅलेंडर रद्दीत घालू नका, डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या.

आता रक्तस्रावाबद्दल, कारण ‘या वयात व्हायचंच’ म्हणून सगळ्यात जास्त अंगावर काढलं जातं ते हेच. तासाला एक पॅड भिजतोय आणि असं दोन तासांपेक्षा जास्त चाललंय, दहाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडताहेत, आठव्या दिवशीही थांबत नाही, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर डाग दिसतोय: यातलं एकही असेल तर वाट पाहू नका. चक्कर आली तर त्याच दिवशी जा. खासगी परवडत नसेल तर पुण्यात ससूनमध्ये किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. पंचेचाळिशीनंतर असा स्राव असेल तर सोनोग्राफीबरोबर अस्तराचा तुकडा तपासण्याबद्दल स्वतःहून विचारा. रिपोर्ट नीट असतील तर स्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या (फक्त स्रावाच्या दिवसांत, डॉक्टरांच्या सांगण्यावरून) किंवा गर्भाशयात बसवायची हॉर्मोनची कॉइल, यांनी पुष्कळजणींचं भागतं. ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला तर विचारा: तुकड्याच्या तपासणीत काय निघालं? औषध किंवा कॉइल का चालणार नाही? अंडाशयही काढणार का? अंडाशय काढले की पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत अंगावर येतात, हाडंही लवकर झिजतात.

गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या या वयात मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्या ठरलेल्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायच्या असतात, आणि इथे तारीखच ठरलेली नसते. रक्तवाहिन्यांत गाठी झाल्याचा पूर्वइतिहास असेल तर धोकाही आहे.

रक्त कमी निघालं आणि लोहाची गोळी दिली, तर ती रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. तिच्या आगेमागे तासभर चहा नको, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. दोन्ही एकत्र घेतल्या की लोह अंगी लागत नाही. गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, तेव्हा गडबड कधीकधी इथेही असते.

वाफा एक ते पाच मिनिटांत ओसरतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट घालून स्कूटरवर सिग्नलला उभं असताना त्या असह्य होतात. स्कार्फ सुती, सैल आणि झटकन सोडता येईल असा बांधा. चक्कर वाटली तर गाडी कडेला घ्या. वाफाळता चहा, झणझणीत मिसळ, दारू यांपैकी कशानंतर वाफा येतात ते कॅलेंडरवर दिसेल, तेवढंच बंद करा. रात्री जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ चादरी.

झोप आणि कामं बिघडण्याइतक्या वाफा असतील तर हॉर्मोन थेरपीबद्दल जरूर बोला. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त, धोका कमी. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर वाढून कर्करोगाचा धोका वाढतो. स्तनाचा कर्करोग, रक्तवाहिन्यांतल्या गाठी, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला स्राव असेल तर ही थेरपी नाही. तिथे हॉर्मोनविरहित औषधं आहेत. योनीच्या कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित जेल वापरा. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल नको, रबर फाटतं.

हाडांसाठी दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दूध म्हणजे साधारण 240, नाचणीची मध्यम भाकरी दीडशेच्या वर. वर तीळ, दही. पर्वती किंवा तळजाई चढणं छानच, पण त्याने दंड आणि पाठीच्या हाडांना फारसं काही मिळत नाही. आठवड्यातून दोनदा वजन उचला: लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या, खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणं, असे तीन फेरे.

गर्भनिरोधक लगेच सोडू नका. पाळी पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष, आधी थांबली तर दोन वर्षं चालू ठेवा. आणि बारा कोरे महिने पूर्ण झाल्यावर एखादा जरी डाग दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवा. ती पाळी परत आली असं समजू नका.