'उदारमतवादी' हा शब्द कसा वाचावा

राज्यशास्त्राच्या वर्गात हा शब्द आला की मी मुलांना आधी समासात साल लिहायला लावते. काँग्रेसच्या १९०७च्या सुरत फुटीच्या (मवाळ आणि जहाल वेगळे झाले त्या) आसपासचा मजकूर असेल, तर 'नेमस्त', 'मवाळ' असं वाचा: सनदशीर मार्ग, अर्ज, कायदेमंडळ. मवाळ म्हणजे भित्रा, असं मात्र समजू नका. मवाळांचे नेते गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. ते शिकवताना मला अजून भरून येतं. १९५९नंतर राजाजींच्या 'स्वतंत्र पक्ष' या पक्षाच्या लेखनात भर उद्योगधंद्यांवरच्या सरकारी लायसन्स-परवान्यांच्या विरोधावर. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून अर्थ जवळपास उलटा: सरकारनं बेकारांना काम द्यावं, म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावी. मग विचारा, लेखकाला मोकळीक नेमकी कोणापासून हवी आहे? उत्तर सालाखाली लिहा.