फेस बघायचं तर पायी, तेही निवांत

फोंड्याहून मोरोक्कोला निघणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: मर्राकेशचा एक दिवस कमी करा, पण फेस या जुन्या शहराला तीन दिवस द्याच. शिगमो आटोपल्यावर एप्रिलात जा, नाहीतर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर ऑक्टोबरात. रमजान कधी येतो तेवढं बघून घ्या. व्हिसा आधी काढा. मुंबईहून आखातामार्गे कासाब्लांका, पुढे ट्रेन.

मुक्काम जुन्या शहरात, फेस अल-बालीत. 1981 पासून ते जागतिक वारसा आहे. गल्ल्यांत गाडी शिरत नाही, म्हणून बॅग लहान घ्या. बाब बू जलूदच्या निळ्या कमानीतून आत शिरून तला कबीरा या गल्लीचा उतार धरा. बू इनानिया मदरशात मात्र बैठक मारा. आपल्या पणजीच्या फोंताइन्यशमधल्या आझुलेजवर, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या फरशांवर, चित्र रंगवलेलं असतं. इथे फरशीचा प्रत्येक रंगाचा तुकडा हातोडीनं वेगळा घडवून बसवलाय. भिंतीजवळ जाऊन सांधे बघा, डोळे निवतात!

करावियीन या मशीद-विद्यापीठाची स्थापना 859 ची, आणि ती फातिमा अल-फिहरी या बाईनं केली असं मानतात. मशिदीत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, पण उघड्या दारातून अंगण दिसतं.

शुवाराचे चामडं कमावण्याचे हौद सकाळी, दुकानाच्या गच्चीवरून बघा. चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात, तेव्हा हातात दिलेला पुदिना नाकाशीच धरा. शुक्रवारी बरीच दुकानं बंद. तो दिवस मरिनी राजघराण्याच्या कबरींच्या टेकडीला ठेवा. आणि गल्लीत मागून ‘बालाक!’ ऐकू आलं की लगेच भिंतीला टेका, लादलेलं खेचर येतंय.