उलटा हॉवर शिकताना या चुका टाळा

रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टर उलटं करणं अवघड नाही. एलेरॉनची (हेलिकॉप्टर डावीकडे-उजवीकडे कलवणारी) स्टिक जेमतेम अर्धा सेकंद एका बाजूला पूर्ण दाबली की ते पाठीवर येतं. कस लागतो तो पुढच्या तीन सेकंदांत, आणि शिकाऊ पायलटची बहुतेक हेलिकॉप्टरं तिथेच जमिनीत घुसतात. उलटं कसं थांबवायचं याचा सराव झालेला असतो, पण बिघडलं तर त्यातून बाहेर कसं पडायचं याचा नसतो. क्रम फिरवा. आधी सुटका शिका, मग हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं.

खालचे आकडे 450 वर्गाच्या इलेक्ट्रिक, फ्लायबारलेस (रोटरवर तोल सांभाळणारा दांडा नसलेल्या, ते काम इलेक्ट्रॉनिक्सने करणाऱ्या) हेलिकॉप्टरचे आहेत: 325 मिमी ब्लेड, 3एस (तीन सेलची) 2200 एमएएच बॅटरी. फिक्स्ड पिचच्या हेलिकॉप्टरवर हे जमणारच नाही. ब्लेडचा कोन उणे करता आला तरच उलटं हेलिकॉप्टर हवेत टिकतं.

टेबलावरच होणाऱ्या चुका

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नॉर्मल मोडमध्ये उलटं होणं. नॉर्मल मोडमध्ये डावी स्टिक खाली आणली की थ्रॉटलही कमी होतो. (इथे मोड 2 गृहीत धरला आहे, त्यात कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या ब्लेडचा कोन एकदम बदलणारं नियंत्रण, डाव्या स्टिकवर असतं.) उलटं टिकायला स्टिक खाली न्यावी लागते, म्हणजे लिफ्ट हवी असते नेमकी तेव्हाच मोटर मंदावते. उलटं उडायचं ते आयडल अपमध्येच, म्हणजे स्टिक खाली नेली तरी मोटरचा वेग टिकवणाऱ्या मोडमध्ये. ईएससीचा (मोटर चालवणाऱ्या सर्किटचा) गव्हर्नर, म्हणजे रोटरचा वेग स्थिर ठेवणारी सोय, वापरत असाल तर आयडल अपचा थ्रॉटल कर्व्ह (स्टिकच्या कुठल्या जागेला मोटरला किती जोर) सपाट ठेवा, उदाहरणार्थ सगळीकडे 80 टक्के. गव्हर्नर नसेल तर व्ही आकाराचा ठेवा: 90, 80, 90. बरेच जण वरचं टोक नीट चढवतात आणि खालचं 60 वर तसंच सोडतात. असं हेलिकॉप्टर सरळ झकास उडतं आणि उलटं झालं की धापा टाकतं.

पिच कर्व्ह (स्टिकच्या कुठल्या जागेला ब्लेडचा किती कोन) पडद्यावर पाहून भागत नाही, पिच गेज ब्लेडला लावून मोजावा लागतो. स्टिक मधोमध असताना स्वॉशप्लेट (स्टिकचे हुकूम ब्लेडपर्यंत पोचवणारी तबकडी) समतल हवी आणि कोन 0 हवा. स्टिक पूर्ण वर असताना +11 आणि पूर्ण खाली असताना -11 यायला हवा. नॉर्मल मोडमधला -3 चा खालचा आकडा आयडल अपमध्ये तसाच राहिलेला असेल, तर स्टिक तळाला टेकवूनही हेलिकॉप्टर खाली येतच राहील. मधल्या जागी 0 ऐवजी +2 दाखवत असेल तर कर्व्हमध्ये आकडे भरून लपवू नका. सर्व्हो हॉर्न (स्वॉशप्लेट हलवणाऱ्या छोट्या मोटरीची भुजा) आणि लिंकची लांबी दुरुस्त करा. मधली जागा म्हणजे शून्य हे बोटांना पक्कं कळायला हवं, कारण पलटी खाताना तीच एक ओळखीची खूण असते.

हेलिकॉप्टर हातात धरून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे झुकवा. प्रत्येक वेळी स्वॉशप्लेटने जमिनीला समांतर राहायला धडपडलं पाहिजे. एका जरी दिशेने ती झुकावाबरोबर वाहवत गेली, तर त्या अक्षाची जायरो (फिरणं ओळखून सावरणारा सेन्सर) दिशा उलटी आहे, उड्डाण रद्द. ट्रान्समीटरच्या ट्रिम (स्टिकचा मध्य किंचित सरकवणारी बटणं) शून्यावर ठेवा. स्वतःहून सरळ करणारा मोड चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर पाठीवर येण्याआधीच तो तुमच्याशी भांडत बसेल.

बॅटरीला फक्त वेल्क्रो पुरत नाही. उलट्या अवस्थेत तिचं सगळं वजन पट्ट्यावर लटकतं, म्हणून वेल्क्रो आणि त्यावर दोन पट्टे. मग हेलिकॉप्टर हातात उलटं धरून जोरात झटका द्या. बॅटरी एक मिलिमीटर सरकली तरी पट्टे पुन्हा आवळा.

एक्स्पो, म्हणजे मध्याजवळ स्टिक किती मऊ किंवा तिखट वागते ते ठरवणारं सेटिंग, तेही तपासून घ्या. स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरमध्ये अधिक आकडा स्टिक मऊ करतो, फुटाबाच्या ट्रान्समीटरमध्ये उणे आकडा. दुसऱ्याचे सेटिंग डोळे झाकून उतरवलं तर मध्याजवळ स्टिक मऊ होण्याऐवजी तिखट होते. सुरुवातीला 25 टक्क्यांच्या आसपास मऊपणा बरा.

वर ढकलणारा हात

सरळ हॉवरला या हेलिकॉप्टरला साधारण +5 अंश लागतात. ±11 च्या सरळ कर्व्हवर ही जागा स्टिकच्या 73 टक्क्यांवर येते. उलट्या हॉवरची जागा 27 टक्क्यांवर.

आता समजा हेलिकॉप्टर 10 मीटर उंचीवर पाठीवर आलं आणि डावा अंगठा घाबरून 73 वरच राहिला. ब्लेड त्याला खाली ढकलताहेत आणि वजनही खालीच खेचतंय, म्हणजे ते नुसतं पडत नाही, दुप्पट त्वरणाने खाली जातं. 10 मीटरला एक सेकंद. आणि त्या सेकंदात, खाली जाणारी वस्तू पाहून, अंगठा आणखी वर जातो. वर्षभर त्याला तेच शिकवलेलं असतं. स्टिक निदान मधोमध आणली असती, तर त्याच सेकंदात हेलिकॉप्टर सुमारे 5 मीटरच खाली आलं असतं आणि सावरायला अर्धी उंची उरली असती.

म्हणून पहिला धडा उलट्या हॉवरचा नसून मधल्या जागेचा आहे. काहीही बिघडलं की आधी कलेक्टिव्ह मधोमध. सिम्युलेटरवर हे इतकं घोटा की हात आपोआप तिथे जाईल. पावसाळ्याचे चार महिने मैदान बंदच असतं. रोज 20 मिनिटं यालाच द्या. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची 20 मिनिटं हाताच्या सवयीला जास्त लागू पडतात.

नेमकी कुठली स्टिक उलटी होते

‘उलटं झालं की सगळं उलटं’ असं मनात धरून उतरू नका. शेपटी तुमच्याकडे ठेवून हेलिकॉप्टर पाठीवर असेल, तर एलेरॉन तसाच राहतो: उजवी दिली की उजवीकडे. बदलतात ते एलिव्हेटर (नाक खाली-वर करणारं), रडर (शेपटी डावीकडे-उजवीकडे वळवणारं) आणि कलेक्टिव्ह. 1980 च्या दशकात उलट्या उड्डाणासाठी ट्रान्समीटरवर वेगळा स्विच असायचा, तोही नेमके हेच तीन उलटे करायचा.

यातला एलिव्हेटर सगळ्यात धोकादायक. हेलिकॉप्टर तुमच्याकडे सरकू लागलं की सवयीने स्टिक पुढे जाते. उलट्या अवस्थेत पुढे दिलेली स्टिक त्याला आणखी वेगाने तुमच्याच अंगावर आणते. लांब पाठवायचं असेल तर स्टिक मागे ओढा. हे अंगवळणी पडेपर्यंत 15 मीटरच्या आत उलटं करू नका.

नाक तुमच्याकडे असेल तर हिशेब वेगळा. तिथे एलिव्हेटर सवयीचा वाटतो, पुढे दिली की लांब जातं, पण एलेरॉन उलटा होतो. आणि इथेच एक गोंधळ होतो. शेपटी तुमच्याकडे असताना एलेरॉनने अर्धी पलटी मारली तर शेपटी तुमच्याकडेच राहते. एलिव्हेटरने मारली तर नाक तुमच्याकडे येतं. दोन व्हिडिओ पाहून दोन्ही प्रकार मिसळले, तर मेंदू एका स्थितीचे हुकूम देतो आणि हेलिकॉप्टर दुसऱ्या स्थितीत असतं.

आमचा सल्ला: एलेरॉनने आत, एलेरॉननेच बाहेर. एलेरॉन बदलत नाही, डावीकडे किंवा उजवीकडे कुठेही पूर्ण दाबला तरी ते सरळच होतं, आणि शेपटी जागची हलत नाही. नाक समोर असलेला उलटा हॉवर नंतरचा विषय आहे.

आत जाणं आणि बाहेर येणं

उंची 15 मीटर, समोरचं अंतर 15 ते 20 मीटर. यापेक्षा खूप उंच नेलं तर 450 चं नाक-शेपूट ओळखू येत नाही, आणि तीही एक नेहमीची चूक आहे. हेलिकॉप्टर डोक्यावर कधीच नको.

कलेक्टिव्ह थोडं वाढवून हेलिकॉप्टर चढतं करा. चढत असतानाच एलेरॉन एका बाजूला पूर्ण दाबा आणि त्याबरोबर कलेक्टिव्ह मध्यावर आणा. कडेवर आडवं असताना स्टिक शून्यावरच हवी, नाहीतर ते बाजूला पळतं. पाठीवर आलं की एलेरॉन सोडा आणि कलेक्टिव्ह मध्याच्या खाली न्या. 27 वर थांबू नका, क्षणभर 15 पर्यंत जा, कारण पलटीत आलेला खालचा वेग आधी मारायचा असतो. मग 27 वर या. दोन सेकंद. आता बाहेर: कलेक्टिव्ह जरा खाली ओढून आधी दोन-तीन मीटर उंची मिळवा, एलेरॉन पूर्ण, कलेक्टिव्ह मध्य, सरळ झाल्यावर वर.

उंची न मिळवता घाईने सरळ करणं ही जमिनीजवळची मोठी चूक आहे. पलटीचा अर्धा सेकंद लिफ्ट नसते. तेवढ्यात हेलिकॉप्टर मीटरभर खाली जातं आणि 5 मीटर प्रतिसेकंद वेग घेतं. 3 मीटरवर उलटे असाल तर आधी वर.

हे सगळं बॅटरी ताजी असतानाच, पहिल्या दोन मिनिटांत करा. टायमर 4 मिनिटांचा लावा. उतरत्या व्होल्टेजवर दिलेला सुटकेचा पंच (कलेक्टिव्हचा जोरदार धक्का) अर्ध्यावर सुकतो. ट्रान्समीटरमधला रेस्क्यू स्विच (दाबला की हेलिकॉप्टर आपोआप सावरणारा) असेल तर जरूर जोडा, पण तो सरळ करून थांबतो की उलट्याला उलटंच सावरतो, हे फ्लायबारलेस युनिटच्या सेटिंगमध्ये वाचून, 20 मीटरवर एकदा वापरून पाहा.

असं होत असेल तर

उलटं झाल्यावर नेहमी एकाच बाजूला वाहत जातं? बिघाड असेलच असं नाही. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या रोटरचं हेलिकॉप्टर टेल रोटरच्या ढकलण्याला उत्तर म्हणून सरळ हॉवरमध्ये किंचित उजवीकडे झुकतं. उलटं, शेपटी तुमच्याकडे असताना तेच झुकणं तुम्हाला डावीकडे दिसतं. तेवढं झुकू द्या. समतल ठेवायला गेलात की ते वाहणारच.

पुढे किंवा मागे हट्टाने सरकत असेल तर वजनाचा तोल पाहा. ब्लेड बूमला (शेपटीच्या नळीला) काटकोनात ठेवून हेलिकॉप्टर रोटर हेडला धरून उचला. बूम समतल राहायला हवा. नाक खाली जात असेल तर बॅटरी मागे घ्या.

स्टिक खाली ओढली की शेपटी झटका देते, वर दिली की देत नाही? थ्रॉटल कर्व्हचं खालचं टोक आणि गव्हर्नर तपासा, आवाज खाली बसतोय का ऐका. दोन्हीकडे झटका देत असेल तर टेल बेल्टचा ताण आणि जायरो गेन (जायरो किती जोराने सावरतो ते) तपासा.

नायट्रो (द्रव इंधनावर चालणारं) इंजिन उलटं झालं की विझतं? टाकीतला क्लंक (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) अडकलेला असतो. त्याची आतली नळी जुनी होऊन कडक झाली की क्लंक टाकीच्या वरच्या बाजूकडे पडत नाही आणि इंजिन हवा ओढतं. नळी बदला.

पडलंच तर

जमिनीला लागणार हे दिसलं की थ्रॉटल होल्ड (मोटर बंद करणारा स्विच), त्याच क्षणी. फिरती मोटर मुख्य गिअरचे दात खाऊन टाकते. उलट्या आपटीत आधी डोकं लागतं, म्हणून कॅनोपी (पुढचं कवच) धडधाकट दिसली तरी फसू नका. फेदरिंग शाफ्ट (दोन्ही ब्लेडच्या पकडी जोडणारी दांडी) काढून काचेवर लोळवा. खाली उजेडाची फट उघडमीट करत असेल तर तो वाकलाय. मुख्य शाफ्टही तसाच तपासा. मग डॅम्पर (त्या दांडीभोवतीची रबरी कडी), गिअरचा प्रत्येक दात, बॉल लिंक, आणि बूमवर ब्लेडचा चावा. कार्बन ब्लेडला मुळाशी केसाएवढी चीर दिसली तरी दोन्ही ब्लेड बदला. फेदरिंग शाफ्टचे दोन आणि मुख्य शाफ्टचा एक असे जादा नग पेटीत ठेवाच. नाहीतर एका वाकलेल्या शाफ्टपायी कोरड्या हवेचे रविवार हातचे जातात.